कामगंध पतंगाले असते, माणसाले असते का? (वास, आवाज, उजेड, स्पर्श आणि पसंती)

कापूसकोंड्या
राम राम मंडळी. मोबाइलवर 'फेरोमोन परफ्यूम'च्या जाहिराती लय येऊन राहिल्या. दोन थेंब लावा अन् समोरचं माणूस ओढलं जाते म्हणे. कापसात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे फेरोमोन सापळे, लावणाऱ्याले हे लवकर पटते, कारण वावरात ते डोळ्यानं दिसते. म्हणून आधी पतंगाचं नीट सांगतो, माणसाचं जाणकारांनी सांगावं.

गुलाबी बोंडअळी या कापसाच्या किडीची मादी पतंग रात्री पोटाच्या टोकावरच्या ग्रंथीतून गंध सोडते. त्याची नक्कल म्हणजे गॉसिप्लूर, एकाच रसायनाचे दोन समघटक अर्धे-अर्धे. ते रबराच्या गोळीत भरलेलं असते. पेरणीनंतर दीड महिन्यानं हेक्टरी ५, म्हणजे एकरी २ सापळे, पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागं ८ किंवा जास्त नर सापडले की फवारणीचं पाहायचं.

बिघडते कुठं? तंबाखू चोळलेल्या हातानं गोळी धरली जाते. अमेरिकन बोंडअळीच्या गोळीले लावलेला हात हिलेही लागतो. झाड वाढते अन् सापळा तिथंच खाली राहते. तीन आठवडे झाले तरी गोळी बदलत नाही. एवढ्याशा चुकीनं नर येत नाही. अन् पूर्ण वावरात हाच गंध पसरवला, जसं गंधाच्या दोऱ्या झाडाले बांधून करतात, तर नराले मादी कुठं हाय हेच समजत नाही अन् मीलनच थांबते. इतकी पक्की कुलूप-किल्ली माणसात हाय का, एवढाच प्रश्न.

निशिगंधा_य
कोंड्याभाऊ, नाही. आतापर्यंत माणसाच्या बाबतीत असं एकही रसायन सिद्ध झालेलं नाही, की जे हुंगलं की समोरचा आपोआप ओढला जातो.

पहिला कामगंध शुद्ध स्वरूपात हाती आला तो १९५९ मध्ये. जर्मनीच्या बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या सुमारे ५ लाख माद्यांमधून तो काढला, नाव बॉम्बिकॉल. 'फेरोमोन' हा शब्दही त्याच वर्षीचा. उंदरासारख्या प्राण्यांत असे गंध ओळखायला नाकात वेगळं इंद्रिय असतं. माणसात त्याची खूण उरते, पण त्यातून मेंदूकडे जाणारी कामाची मज्जा उरलेली नाही.

जाहिरातीतल्या बाटल्यांत बहुतेक वेळा अँड्रोस्टेनोन किंवा त्याचा भाऊबंद असतो. अँड्रोस्टेनोन हा नर डुकराचा कामगंध आहे. वराहपालनात तो फवारा माजावरच्या मादीसमोर मारतात आणि ती स्थिर उभी राहते, रेतन करायला तयार आहे का ते त्यावरून कळतं. माणसाच्या घामातही तो थोडा असतो, पण एकाला त्याचा वास लघवीसारखा येतो, दुसऱ्याला गोडसर, तिसऱ्याला काहीच नाही. वास ओळखणाऱ्या एका जनुकातल्या फरकामुळे असं होतं. म्हणजे बाटली विकत घेणाऱ्याने समोरचं माणूस यातलं कोणतं, ते आधी विचारून यायला हवं.

एरंडाचं_गुऱ्हाळ
डुकराचा गंध लावून पोरगी पाहायला जाणार! वा रे वा.

पण ताई, मग वासाचा आणि पसंतीचा काही संबंधच नाही असं म्हणायचं का? स्वित्झर्लंडमधला तो टी-शर्टचा प्रयोग सगळीकडे सांगतात.

निशिगंधा_य
संबंध आहे, पण तो किल्लीसारखा नाही.

तो प्रयोग १९९५ चा, बर्न विद्यापीठातल्या क्लाउस वेडेकिंड यांचा. ४४ मुलांनी एकेक सुती टी-शर्ट सलग दोन रात्री घातला. त्या काळात सुगंधी साबण नाही, अत्तर नाही, उग्र खाणं नाही, दारू-सिगारेट नाही. नंतर ४९ मुलींनी डब्याच्या भोकातून ते कपडे हुंगले. ज्या मुलांची एचएलए जनुकं, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीची ओळखपत्रं, आपल्यापेक्षा वेगळी होती त्यांचा वास मुलींना जास्त बरा वाटला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींत कल उलटा दिसला. पण पुढे इतरांनी केलेल्या अभ्यासांत निकाल कधी असे, कधी तसे आले. त्यामुळे 'नाकाने जोडीदार निवडतो' हे वाक्य घरी भिंतीवर लिहू नका.

धापेवाड्याकडचा
म्हणजे सगोत्र नको म्हणायचे ते हेच का?

निशिगंधा_य
नाही दादा. गोत्र बापाच्या बाजूने चालतं आणि एचएलए सहाव्या गुणसूत्रावर, आई-बापांकडून अर्धं-अर्धं येतं. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं असतं, म्हणून आपल्याकडे बऱ्याच समाजात ते लग्न चालतं. एचएलए मात्र तिच्याशी परक्यापेक्षा जास्त जुळण्याची शक्यता असते. सख्ख्या भावंडांत तर पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, म्हणूनच बोन मॅरोसाठी डॉक्टर आधी भावंडांची तपासणी करतात. दोन्ही हिशोब वेगळे आहेत.

नाकाचं खरं बळ दुसरीकडे आहे. बाकी इंद्रियांचे निरोप आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर थांबून पुढे जातात. वासाचा निरोप मात्र नाकामागच्या गंधकंदातून थेट भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांत शिरतो. म्हणून एखाद्या वासाला पहिल्यांदा जी भावना चिकटते ती सुटता सुटत नाही. मोहफुलं वेचायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलच्या पहाटे, कुणाची ओळख झाली असेल तर तो गोडसर वास पुढे त्याच माणसाचा होऊन बसतो. (मोहफुलात आणि भंडारा-गोंदियाकडच्या चिन्नोर तांदळात सुवास देणारा एक रेणू सारखाच आहे.) हेच उलटंही होतं. फवारणीच्या औषधाचा वास कपड्याला असताना पहिली भेट झाली, तर माणूस कितीही चांगलं असो, नाक आधी नाही म्हणतं.

सांबारवडी
घामाबद्दल बराच गैरसमज आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मे महिन्यात ४५ अंशावर मुलगी पाहायला पाहुणे येतात, तेव्हा खरा प्रश्न अत्तराचा नसतो, घामाचा असतो.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या वेगळ्या ग्रंथींमधून तेलकट, प्रथिनयुक्त स्राव येतो. तिथले जिवाणू तो खातात, त्यातून आंबट आम्लं आणि गंधकाचे रेणू सुटतात, तो वास. म्हणजे घाम थांबवण्यापेक्षा जिवाणूंना खायला आणि बसायला जागा न देणं सोपं. काखेतले केस कापा, साबण लावून अर्धा मिनिट तरी राहू द्या, मग पूर्ण कोरडं करा. त्यावर तुरटीचा खडा ओला करून हलका फिरवा. नुकती दाढीसारखी हजामत केलेली असेल तर तुरटी झोंबते, तेव्हा हे आदल्या रात्रीच करा. घाम रोखणारा रोल-ऑन वापरत असाल तर तोही रात्री झोपताना कोरड्या त्वचेवर. रात्री घाम कमी असतो, त्यामुळे त्यातला अॅल्युमिनियमचा क्षार घामाच्या तोंडाशी नीट बसतो. सकाळी घाई-घाईत ओल्या काखेत लावला की वाहून जातो आणि शर्टावर पिवळा डाग पडतो.

कपडा. नवा चकचकीत पॉलिस्टर शर्ट घेऊन देतात आणि तिथेच घोटाळा होतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाने २०१४ मध्ये व्यायामानंतरचे कपडे तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिस्टरचा वास नकोसा निघाला. घाणेरडा वास करणारे जिवाणू त्या धाग्यावर जास्त वाढतात. सुती कापड ओलावा आत ओढून घेतं.

आणि पावसाळ्यातला तो 'न वाळलेला' वास. तो साध्या धुण्याने जात नाही, कारण तो करणारा जिवाणू धुऊनही धाग्यात टिकतो. कपडा उलटा करून हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात, साधारण ६० अंश, पावडर टाकून अर्धा तास ठेवा आणि त्याच दिवशी कडक उन्हात वाळवा. रंगीत रेशमाला हे करू नका.

एरंडाचं_गुऱ्हाळ
आणि वरून अख्खी बाटली शिंपडतात त्याचं काय? 'मले तर वास येतच नाही' म्हणून अजून दोन फवारे.

सांबारवडी
नाक तोच वास काही मिनिटांत ऐकायचं सोडतं. स्वतःला येत नाही म्हणजे इतरांना येत नाही असं नाही. लावल्यावर बाहेर ओसरीवर पाच-दहा मिनिटं फिरून या, मग परत खोलीत येऊन पाहा.

प्रमाण: स्पिरिटचं परफ्यूम छातीला, कपड्याआड, वीतभर अंतरावरून दोन फवारे. उन्हात ते पटकन उडतं, म्हणून निघताना लावा, तासभर आधी नको. तेलाचं अत्तर कमी उडतं, त्याचा कापसाचा छोटा फाया कानाच्या पाळीमागे पुरे. ४५ अंशात तेच प्रमाण दुप्पट भासतं, म्हणून हिवाळ्यातल्या सवयीने लावू नका. आणि दुसऱ्याने पसंत केलेलं अत्तर भेट म्हणून लावण्यापेक्षा स्वतःच्या नाकाला आवडणारं घ्या. चेक संशोधकांनी २०१२ मध्ये पाहिलं, की माणसाने स्वतः निवडलेला परफ्यूम त्याच्या अंगाच्या वासात मिसळला, की दुसऱ्याने नेमून दिलेल्यापेक्षा लोकांना जास्त बरा वाटतो.

मोगऱ्याचा गजरा आणायचा असेल तर एक गोष्ट. पहाटे तोडलेली कळी संध्याकाळी उमलते. सकाळी ११ च्या बैठकीत ताज्या कळ्यांचा गजरा नुसता दिसतो, वास सुटतो तो पाहुणे गेल्यावर.

कापूसकोंड्या
अन् खाण्याचं? पोह्यावर तर्री अन् रात्री सावजी, मंग सकाळी पाहुण्यात बसणार.

सांबारवडी
यात एक गंमत आहे. लसूण खाल्ल्यावर काखेचा वास बिघडतो असं सगळे धरून चालतात. प्रयोगात ६ ग्रॅम लसणाने काही फरक पडला नाही आणि १२ ग्रॅमने तर वास जास्त बरा ठरला! १२ ग्रॅम म्हणजे मोठ्या पाकळ्या तीन-चार, गावरान बारीक असेल तर दुप्पट. मांसाहाराचं मात्र उलट. चेक विद्यापीठातच १७ पुरुषांना दोन आठवडे मांस आणि दोन आठवडे बिनमांस ठेवलं, बिनमांसाच्या वेळचा वास पसंत पडला. १७ ही संख्या लहान आहे, एवढं लक्षात ठेवा.

पण तोंडाचा वास हा वेगळा विषय. लसणातला एक गंधकाचा रेणू रक्तात जाऊन फुफ्फुसातून बाहेर येत राहतो, दुसऱ्या दिवसापर्यंत. दात घासून तो जात नाही. जेवतानाच एक ग्लास सायीचं दूध प्यायलं तर कमी होतो. नंतर प्यायलं तर तेवढा नाही, आणि सायविरहित दुधाने त्याहून कमी. कच्चं सफरचंद, पुदिना यांनीही उतरतो. बडीशेप फक्त झाकते.

ताटीवाला
वास-वास करून राहिले सगळे, पण बैठकीत खरा गोंधळ कुलर करते. त्याचं सांगतो.

उन्हाळ्याचा पहिला दिवस, कुलर लावला की ओल्या कुजक्या गवताचा वास. मागच्या साली ताटी, म्हणजे कुलरच्या बाजूच्या जाळीत भरलेलं गवत, ओलीच ठेवली होती, त्यात शेवाळ अन् बुरशी बसली. त्या खोलीत कोणतंही अत्तर लावा, दोन्ही मिळून तिसरंच काही होते. गवत दर उन्हाळ्यात बदलायचं. नवीन ताटी बसवल्यावर पहिलं पाणी लाल-पिवळं येते, ते फेकून द्यायचं, मंग पाहुणे. टाकी आठवड्यात एकदा पूर्ण कोरडी करायची, वासासाठीही अन् डेंगूच्या डासासाठीही.

दुसरं, खिडकी. समोरची खिडकी बंद करून कुलर चालवला तर खोलीत दमटपणा साचते, घाम उडत नाही, अन् सगळे चिकट होऊन बसतात. हवा बाहेर जायले वाट ठेवा. पाहुणे यायच्या तासभर आधी फुल स्पीडवर खोली गार करा, बोलणं सुरू झालं की कमी स्पीडवर घ्या. कुलर थेट पोरीच्या किंवा पोराच्या कानाजवळ नको.

ध्वनिलहर
ताटीवाल्या दादांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. एक मीटरवरचं साधं बोलणं साधारण ६० डेसिबल. जुना लोखंडी कुलर फुल स्पीडवर तेवढाच किंवा जास्त आवाज करतो. मग माणूस नकळत आवाज चढवतो, स्वरही उंच होतो. हा परिणाम फ्रान्समधले डॉक्टर लोंबार्द यांनी १९११ मध्ये नोंदवला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मुलगा कोर्टात उत्तर दिल्यासारखा ओरडतो, मुलगी एका शब्दात संपवते, आणि घरी जाताना 'लाजाळू आहे' किंवा 'आवाज तापट आहे' असा शेरा बसतो. तो शेरा कुलरचा आहे.

पसंतीत आवाजाचं वजन खरंच आहे. पुरुषांचा मूळ स्वर साधारण १०० ते १२० हर्ट्झ, बायकांचा २०० च्या आसपास. बऱ्याच अभ्यासांत बायकांना पुरुषाचा जाड आवाज आवडला. टांझानियातल्या हाड्झा या शिकार करून जगणाऱ्या लोकांत २००७ च्या अभ्यासात जाड आवाजाच्या पुरुषांना मुलंही जास्त निघाली. पण म्हणून मुद्दाम घसा दाबून बोलू नका. त्याने आवाज खरखरतो आणि दहा मिनिटांत दमतो.

साक्षगंध झाल्यावर सगळं फोनवर चालतं, तिथे दुसरी अडचण. जुन्या पद्धतीचा कॉल फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ नेतो. म्हणजे दोघांचाही मूळ स्वर तारेवर जातच नाही, मेंदू वरच्या स्वरांवरून तो मनाने भरून घेतो. वरचा भाग कापल्यामुळे 'स' आणि 'फ' सारखे ऐकू येतात. 'आवाज फोनवर वेगळाच वाटला' हे म्हणणं अगदी खरं असतं. दोन्हीकडे ४जी आणि व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, चालू आणि दोन्ही फोनमध्ये सोय असेल तर पट्टा ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जातो, आवाजाचा भरीवपणा परत येतो. गावात रेंज एकाच काडीवर असेल तर सेटिंगमध्ये चालू असूनही कॉल जुन्या पट्ट्यावर घसरतो. टेकाडावर, छतावर जाऊन बोलणं ही नुसती लाजेपोटी केलेली सोय नाही. फक्त वारा माइकमध्ये शिरू देऊ नका, त्याचा घरघराट बोलणं गिळतो. फोनचं तोंड ओठांसमोर नको, गालाकडे तिरपं ठेवा.

ओसरीवरचा
उजेडाचं थोडक्यात. पांढरी निळसर ट्यूब, ६५०० केल्विनची, डोक्यावरून पडली की डोळ्याखाली सावली येते आणि त्वचा फिकी दिसते. बैठकीत २७०० ते ३००० केल्विनचा, रंग नीट दाखवणारा दिवा लावा. पाकिटावर सीआरआय ९० च्या आसपास असला तर उत्तम, ८० च्या खालचा नको. दिवसा खिडकी समोरच्याच्या बाजूला यावी, पाठीमागे नको. पाठीमागे आली की चेहरा काळा आणि कान चमकतात.

मंद उजेडात डोळ्याची बाहुली मोठी होते. १९६५ मध्ये अमेरिकेच्या हेस यांनी एकाच बाईचे दोन फोटो दाखवले, एकात बाहुल्या मोठ्या केलेल्या. पुरुषांना त्यात ती अधिक ममतेची वाटली. कंदिलाच्या उजेडात माणसं बरी दिसतात त्याचं एक कारण हे. लाल साडीत किंवा लाल शर्टात माणूस जास्त आवडतं म्हणतात, ते मात्र पुढच्या तपासण्यांत फार टिकलेलं नाही, मनाला येईल तो रंग घाला.

एरंडाचं_गुऱ्हाळ
गरम चहाचा कप हातात दिला की माणूस जिव्हाळ्याचं वाटतं, हेही एक फिरतं. तो २००८ चा, कॉफीच्या कपाचा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा निकाल आला नाही. चहा चहाच्याच कारणाने द्या.

चिखलदऱ्याच्या घाटात नेलं की प्रेम होतं म्हणतात, त्याला काही आधार?

निशिगंधा_य
थोडा. १९७४ मध्ये डटन आणि एरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावर पाहिलं. नदीच्या साधारण ७० मीटर वर हलणाऱ्या पुलावर भेटलेल्या मुलीला नंतर फोन करणारे पुरुष, भक्कम पुलावर भेटलेल्यांपेक्षा जास्त निघाले. धडधड उंचीची होती, नाव तिच्यावर गेलं. पण १९८१ मध्ये व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की धडधडीमुळे आवडणारं माणूस जास्त आवडतं आणि न आवडणारं जास्त नावडतं. जत्रेतला आकाशपाळणाही तसाच, फक्त वाढवतो. शून्याला कशानेही गुणा, शून्यच. आणि घाटात उलटी झाली तर तो वास आयुष्यभर त्या माणसाला चिकटेल, हे वर लिहिलंच आहे.

स्पर्शाबद्दल एवढंच. केसाळ त्वचेत, म्हणजे कोपर ते मनगट या भागात, पाठीवर, संथ मज्जातंतू असतात. ते सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर अशा गतीच्या हळू कुरवाळण्यालाच नीट उत्तर देतात, साधारण ३ सेंटिमीटरला सर्वांत चांगलं, आणि हात त्वचेइतका कोमट, ३२ अंशाच्या आसपास असेल तेव्हा. कोपरापासून मनगटापर्यंत २५ सेंटिमीटर धरले तर आठ सेकंद लागले पाहिजेत. लोक दोन सेकंदांत घासून मोकळे होतात. कापूस वेचून बोंडाच्या टोकांनी चिरलेला हात असेल तर आधी कोमट पाणी आणि खोबरेल तेल, नाहीतर खरखर लागते. आणि हे सगळं मर्जी असेल तरच. कोण शिवतंय हे कळताच तोच स्पर्श मेंदूत वेगळा उमटतो. २०१२ च्या मेंदूचित्रणाच्या अभ्यासात पुरुषांना बाई शिवते आहे असं वाटलं तेव्हा एक आणि पुरुष असं वाटलं तेव्हा दुसरा प्रतिसाद मिळाला, प्रत्यक्षात दोन्ही वेळा शिवणारी बाईच होती.

धापेवाड्याकडचा
ज्यांचा नवरा पुण्यात, सुरतेला कामाला आहे त्यांच्यासाठी वासाचं काही?

निशिगंधा_य
आहे. कॅनडातच २०१८ मध्ये ९६ जोडप्यांवर पाहिलं: ताण येण्याआधी आणि नंतर बायकोने नवऱ्याचा वापरलेला टी-शर्ट हुंगला तर ताण कमी जाणवला. अनोळखी पुरुषाचा वास असला तर ताणाचं संप्रेरक वाढलं. घरी करायचं असेल तर सुती बनियन दिवसभर, अत्तर-डिओ न लावता घातलेलं घ्या, न धुता हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढून ठेवलं की दोन-चार दिवसांत वास उतरतो. सासूबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या धुऊन वाळत घालतील.

कापूसकोंड्या
😂 बाप्पा! बनियन फ्रीजरमध्ये, अन् बाजूले आइसक्रीमचा डबा.

ताटीवाले भौ, एकच राहिलं. ताटीत वाळा टाकला तर चालते का? अन् किती?

ताटीवाला
चालते. पूर्ण ताटी वाळ्याची भरू नका, ती घट्ट बसते अन् हवा कमी येते. नेहमीच्या गवतावर वरच्या भागात एक-दोन मूठ पुरते, पाणी तिथूनच झिरपते. आदल्या रात्री बालटीत भिजवा, माती निथळू द्या, मंग पसरवा. वास आठ-दहा दिवस चांगला येते. जेव्हा पाणी पंपातून एकाच बाजूले पडते तेव्हा दुसरी बाजू कोरडी राहते अन् तिथला वाळा वास देत नाही. वरच्या नळीची छिद्रं टाचणीनं साफ करून घ्या.